कूलरसारखा भरून पाहिलेला डोंगा

आमच्या शेलूबाजारात गळतीविषयी जे काही ज्ञान आहे, ते सगळं कूलरपासून आलेलं आहे. मार्च लागला की माळ्यावरचे कूलर अंगणात उतरतात. टाकीच्या गंजलेल्या कोपऱ्याला कुणी डांबर फासतं, कुणी पुट्टी भरतं. मग टाकी काठोकाठ भरायची, चहा प्यायचा आणि खालची फरशी ओली झाली का ते वाकून पाहायचं. फरशी कोरडी असली की कूलर पास. लग्न होऊन आल्यापासून मी दर उन्हाळ्यात हेच पाहत आले, आणि आमच्या डोंग्याचं जे झालं ते ह्याच विद्येमुळं झालं.

डोंगा म्हणजे कयाक. हा शब्द मला मोबाईलनं शिकवला. लांबुडकी, चिंचोळी, एका माणसाची फायबरची नाव, मधोमध बसायला भोक, आणि दोन्ही टोकांना पातं असलेलं एक वल्हं. आमच्याकडे नाव म्हटलं की डोंगा. गल्लीनं तिला पहिल्या दिवसापासून डोंगा केलं आणि मीही तेच म्हणत आले.

तो आला भंगारातून. कुठल्याशा तलावावर कुणीतरी बोटिंग सुरू केलं होतं, ते बंद पडलं, आणि तिथलं सामान फिरत फिरत हायवेवरच्या भंगारवाल्याकडे येऊन पडलं. त्याच्या शेळ्या त्या डोंग्यात कुटार खायच्या. रंग एके काळी लाल असावा. तळाला हातभर चीर, एका अंगाला मुठीएवढं भोक, आणि आत लेंड्या. असं हे रत्न माझ्या नवऱ्यानं मला न विचारता, फोनवरच सौदा ठरवून, घरी आणवलं आणि बदल्यात जीपचं कॅरियर देऊन टाकलं.

जीपचं आधी सांगायला हवं. हे काळीपिवळी चालवायचे, शेलूबाजार ते मंगरूळपीर आणि परत. जीपवाल्याचा दिवस भांडणात उगवतो आणि भांडणात मावळतो. नंबर कोणाचा, पॅसेंजर कोणी ओढले, पुढच्या सीटवर चौथा कोण बसणार, सगळं भांडूनच ठरतं. ह्यांचा आवाज स्टँडवरून माझ्या मशीनपर्यंत यायचा. मी ब्लाउज शिवते, आणि दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. संध्याकाळी जे भांडण उरायचं ते माझ्या वाट्याला. मीही काही मागे हटणारी नाही, माझ्या तोंडाला गल्ली भिते. त्या आवाजावर आमचा संसार चांगला चालला होता.

मग एका पावसाळ्यात जीप रस्ता सोडून खाली गेली. बाकीच्यांना खरचटलं आणि ह्यांचा मणका मोडला. तेव्हापासून पाय आहेत, पण ते ह्यांचं ऐकत नाहीत. जीप विकली. कॅरियर तेवढं मागच्या टिनाच्या छपरीत उभं राहिलं.

पाय गेले ते सगळ्यांना दिसलं. आणखी एक गोष्ट गेली ती मला उशिरा कळली. माणसं ह्यांच्याशी हळू बोलायला लागली. ज्यांनी स्टँडवर ह्यांची गचांडी धरली होती, तेच येऊन शेजारी बसायचे, गुडघ्यावर हात ठेवून विचारायचे, "कसं वाटून राह्यलं भाऊ आता?" हे मुद्दाम टोचून काही बोलले तरी समोरचा मान हलवायचा, "बरोबर हाय भाऊ तुमचं." मी तरी कुठे वेगळी होते? भाजी अळणी म्हणून ताट सरकवलं तर मी गुपचूप मीठ आणून द्यायचे. एरवी ते मीठ ताटात नाही, डोक्यावर पडलं असतं. सगळ्यांनी मिळून ह्या माणसाला कापसात गुंडाळून ठेवलं होतं आणि हे त्या कापसात दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. घराबाहेर पडायचं ते फक्त दवाखान्यासाठी, दोघांनी उचलून. व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं होतं की दंड आणि पाठ अजून चांगली आहे, वापरली नाही तर तीही जाईल. मला भीती वाटायची ती हीच, की हे असेच चाकाच्या खुर्चीत, सगळ्यांच्या गोड बोलण्यात, हळूहळू विझून जातील.

त्यात हा डोंगा. मी छपरीत उभी राहून पाहत होते.

"हे काय आनलं?"

"डोंगा."

"थे दिसून राह्यलं. पन कायले?"

"याच्यात पाय लागत नाई," ते म्हणाले. "मोबाईलवर पाह्यलं मी. निस्तं हातानं चालते."

माझ्या ओठांवर बरंच काही आलं होतं. घरातला माठ पाझरतो आहे आणि हा माणूस भोक पडलेली नाव घेऊन आला. मी ते सगळं गिळलं आणि म्हटलं, "चांगला हाय." ह्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खुर्ची वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

ह्यांचं मूळ गाव तलावाच्या काठचं आहे. लहानपणी म्हशीच्या पाठीवरून पाण्यात उडी मारायची, हा ह्यांचा धंदा. लग्नानंतर पहिल्यांदा गावी गेलो तर हे पोहत पलीकडच्या काठाला गेले आणि तिथून हात हलवत बसले. मी नवी नवरी, सासूसमोर ओरडताही येईना. ते आठवलं आणि मी दुसऱ्या दिवशी लेंड्या साफ केल्या.

फायबर दुरुस्त कसं करतात हे आम्हा दोघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. मोबाईलवर परदेशी माणसं करून दाखवायची, आवाज बंद ठेवून आम्ही त्यांचे हात पाहायचो. सामान अकोल्याला मिळालं. दुकानदारानं विचारलं, "मूर्ती का कूलर?" त्याच्याकडे ही दोनच गिऱ्हाइकं येत असावीत. मी म्हटलं, "डोंगा." त्यानं मला नीट पाहून घेतलं आणि म्हणाला, "मंग कूलरचंच घ्या."

पिशवीत रेझिन होतं, मधासारखं घट्ट आणि नाकात जाणाऱ्या वासाचं. ते वाळवून कडक करणाऱ्या हार्डनरची छोटी बाटली होती. आणि कापड होतं. मी आयुष्यभर कापड हाताळलं आहे. डोळे मिटून बोटांत धरलं तर कॉटन किती, पॉलिस्टर किती ते सांगेन. हे कापड मात्र माझ्या ओळखीतलं नव्हतं. पांढरं, चकचकीत, थंड, आणि कात्री लावली की कडेचे धागे पाण्यासारखे सुटून पळायचे. काचेचं कापड. काच विणता येते हेच मला माहीत नव्हतं. पुढच्या खोलीत आरशासमोर उभं राहून मी ते खांद्यावर टाकून पाहिलं, आणि मान दिवसभर खाजत राहिली. शिंपिणीला कापडानं चावावं, असं पहिल्यांदाच झालं.

भोकाच्या कडा घासून पातळ केल्या. कोरोनाच्या वेळचे मास्क घरात पडले होते ते दोघांनी लावले, बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. तरी ती बारीक धूळ कुठून कुठून शिरायची. नंतर न्हाणीतल्या मगात रेझिन कालवलं. एप्रिलची दुपार, टिनाची छपरी, आणि आम्ही दोघं अतिशहाणे. लवकर वाळावं म्हणून ह्यांनी हार्डनर सढळ हातानं घातलं. मी ब्रश आणायला आत गेले आणि परत आले तर तो मग धुमसत होता. खाली जाळ नाही, काडी नाही, आणि मगातून धूर. प्लॅस्टिकचा मग बाजूनं वाकला, आतलं रेझिन तडकून दगड झालं.  ह्यांनी लांबून हात धरला आणि म्हणाले, "चुलीसारखी आच लागून राह्यली." हातात बाटलीतलं पाणी घ्यावं आणि ते आपल्या मनानं उकळावं, असं काहीतरी वाटलं मला. आपण आणलेल्या वस्तूत एवढा जीव आहे, ह्याचा मला धाकच बसला.

त्यानंतर आम्ही सकाळी, ऊन चढायच्या आत काम करायचो. हार्डनर ह्यांच्या हातून काढून घेतलं. ठिगळं मी कापली. आधी लहान, त्यावर त्याहून मोठं, त्यावर आणखी मोठं. ठिगळाचं मला कुणी शिकवायला नको. खुर्ची डोंग्याला लावून हे ब्रशनं रेझिन चढवायचे, मी वरून कापड टाकायचे, आणि मग ते व्हायचं जे मी अजून विसरले नाही. ओलं झालं की कापड नाहीसं व्हायचं. पांढरं शुभ्र कापड, डोळ्यांदेखत, धाग्यामागून धागा, काचेसारखं होऊन खालच्या लाल रंगात विरून जायचं. बोट फिरवलं तर आहे आणि पाहिलं तर नाही. पहिल्या दिवशी मी काम थांबवून त्यावर नुसतं वाकून बसले होते. मी शिवलेला प्रत्येक कपडा दिसावा म्हणून शिवला आहे. अंगात मुरून जाणारं, दिसेनासं होऊन बळ देणारं कापड असू शकतं, हे माझ्या कल्पनेत नव्हतं. संध्याकाळी तिथं टिचकी मारली तर टणक आवाज आला.

भोक बुजलं, चीर बुजली. आता गळतं का नाही ते पाहायचं. शेजारचे भाऊ कूलर बनवतात, त्यांची पिकअप गाडीही आहे. त्यांना विचारलं तर त्यांनी एका शब्दात सांगितलं, "भरून पाहा." आम्हालाही त्यात काही वावगं दिसलं नाही. शेलूबाजारात दुसरा काय सल्ला मिळणार? खालून वाकून पाहता यावं म्हणून डोंगा दोन टोकांना दोन स्टुलांवर ठेवला, नळी लावली आणि बसायच्या भोकातून पाणी सोडलं. मी चहा ठेवला. गल्लीतली चार माणसं जमली. पाणी भरत भरत काठाला आलं. ह्यांनी खुर्ची पुढे घेऊन ठिगळांखाली हात फिरवला आणि तळहात सगळ्यांना दाखवला. कोरडा. भाऊंनी मान डोलावली. मी कपात चहा ओततच होते.

मग कडाड असा आवाज झाला, जाड फांदी मोडावी तसा. डोंगा मधोमध खाली बसला, तळ आडवा फाटला, आणि सगळं पाणी एका झटक्यात छपरीतून अंगणात, अंगणातून गल्लीत गेलं. ह्यांची खुर्ची पाण्यानं हातभर मागे सरकली. पाणी ओसरल्यावर मी वाकून पाहिलं. आम्ही लावलेली दोन्ही ठिगळं शाबूत होती. नवं भोक जिथं काहीच झालेलं नव्हतं तिथं पडलं होतं.

नावेचं काम पाणी बाहेर ठेवायचं आहे, आत नाही, हे त्या क्षणी आम्हाला उमगलं. पाण्यात नावेला सगळीकडून पाणीच धरून ठेवतं. आम्ही तिला दोन टोकांवर टांगून पोटात अख्खी टाकी ओतली होती.

आणि माझं तोंड सुटलं. इतके दिवस गिळलेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"अक्कल बी शेळ्यांनी खाल्ली का तुमची? कॅरियर देल्लं, उनाळा घातला, अन आता हे. पानी भरा म्हने. डोंगा हाय का रांजन?"

गल्लीतली माणसं चहा न घेताच निघून गेली. भाऊंनी मला हातानं खुणावलं, शांत राहा, माणूस पेशंट आहे. मी राहिले नाही. ह्यांनी ओलेचिंब हात खुर्चीच्या दांड्यांवर आपटले.

"अन नयी कोनं लावली? तूच लावली ना? स्टूल कोनं आनले?"

"तुमी सांगतले म्हनून आनले."

"मी सांगतलं तर तू विहिरीत उडी मारशीन का?"

असं आम्ही चहा थंड होऊन त्यावर साय येईपर्यंत भांडलो. जीप गेली त्या दिवसापासूनचं पहिलं भांडण. मध्येच माझ्या लक्षात आलं की ह्यांचा आवाज स्टँडपर्यंत जात असेल, आणि माझे डोळे भरून आले. मग मी आणखी जोरात भांडले, कारण रडले असते तर ते लगेच गप्प झाले असते.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाटलेला तळ पाहायला बसलो. नुसतं ठिगळ लावून भागणार नव्हतं. तळच मुळात लेचापेचा होता, वर्षानुवर्षं उन्हात पडून त्याचा दम गेलेला. तो फाटल्यावर हाताखाली हलत होता, तेव्हा मला कॉलर आठवली. शर्टाची कॉलर नुसत्या कापडाची केली तर मानेवर लोळते. आत बकरम घातलं की ताठ उभी राहते. कॉलरीचं कापड बदलत नाही, बकरम आत लपलेलं असतं. "याले बकरम पायजे," मी म्हटलं. ह्यांना बकरम माहीत नव्हतं, म्हणून एक उसवलेली कॉलर आणून दाखवली. त्यांनी ती बोटांनी वाकवून पाहिली, पुन्हा वाकवून पाहिली, आणि म्हणाले, "पाइप कापू."

शेतात पाण्यासाठी टाकतात त्या पाइपाचा एक तुकडा छपरीत होताच. तो हॅक्सॉनं उभा चिरला, की पन्हाळी झाली. ती तळाच्या आत, लांबीतून, पालथी बसवायची आणि वरून काचेचं कापड चढवायचं. कापड मी उरेब कापलं, तिरपं, म्हणजे ते वळणावर चुणी न घेता बसतं. तोंड खाली, डोकं डोंग्यात, पाय बाहेर, अशी मी कामाला लागले. टेबलफॅन मागे लावलेला, वास डोक्यात जाऊ नये म्हणून. ब्लाउज न्यायला आलेल्या बायका छपरीत डोकावून विचारायच्या, "काय वं, कुठं गेली?" आणि हे माझ्या पायांकडे बोट दाखवायचे.

पहिल्यांदा उत्साहाच्या भरात इतके थर चढवायला निघालो की डोंगा उचलेना. नाकापेक्षा मोती जड. मग मीच म्हटलं, थर कमी करा. त्यात पावसाळा सुरू झाला, हवा दमट झाली आणि रेझिन वाळेना. हात लावला की चिकट. उघडीप मिळेल तेव्हा थोडं, असं करत करत काम पोळ्यापुढे गेलं. शेवटी जुन्या गादीचा फोम आणि रेग्झिन घेऊन मी आत पाठ टेकायला आणि दोन्ही बाजूंनी कमर धरून ठेवायला गाद्या शिवल्या. पट्टा मात्र कुठेही लावू दिला नाही. डोंगा उलटला तर माणूस आपोआप सुटला पाहिजे. भगवं लाइफ जॅकेट मोबाईलवरून मागवलं.

दसरा झाल्यावर सोयाबीन घरात आलं, लोक जरा मोकळे झाले, तेव्हा भाऊंनी डोंगा पिकअपमध्ये घातला आणि आम्ही ह्यांच्या गावच्या तलावावर गेलो. भरून पाहण्याचा सल्ला भाऊंचा होता म्हणून असेल, त्यांनी त्यानंतर ह्या डोंग्यासाठी कधी नाही म्हटलं नाही.

पहिले काही दिवस आम्ही काठालाच होतो, कमरेएवढ्या पाण्यात. आधी डोंग्याशिवाय. भाऊंनी आणि मी ह्यांना खुर्चीतून उचलून पाण्यात उतरवलं. जॅकेट होतं, तरी माझा जीव मुठीत. आणि मग पाण्यात ह्यांचे पाय वर आले. कुणी न धरता, कुणी न उचलता. जे पाय मी रोज पलंगावरून खाली, खालून वर, दोन्ही हातांनी उचलून ठेवते, जे मला माझ्या शिवणयंत्राहून जड वाटतात, ते दोन्ही पाय आपल्या मनानं तरंगत होते. तळवे पाण्याच्या वर आले होते आणि त्यांवर ऊन पडलं होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, भाऊंनी पाहिलं. हे आभाळाकडे पाहत होते, त्यांना काही ठाऊक नव्हतं. मी मनातल्या मनात त्या पाण्याला हात जोडले. इतकी माणसं, इतके डॉक्टर, आणि ह्या मुक्या पाण्यानं ते पाय फुलासारखे झेलले होते.

मग डोंगा. मुद्दाम उलटून पाहिला, हे सहज बाहेर आले. पुन्हा बसवलं. तळाला पाणी येतं का म्हणून मी रोज आत हात घालून पाहायचे. वल्ह्यावरून ठिबकलेलं तेवढंच ओलं असायचं. हात ठेवला की आतला तो उंचवटा लागायचा, पन्हाळीचा, माझ्या कापडाखाली लपलेला. तो सगळा तळ तोलून धरत होता आणि बाहेरून कुणाला दिसत नव्हता.

एका सकाळी भाऊंना गावात डिझेल आणायला जायचं होतं. ते ह्यांना डोंग्यात बसवून गेले. मी काठावर उभी. हे म्हणाले, "जरा पुढं जाऊन येतो."

"काठाकाठानंच जा," मी म्हटलं.

ते काठाकाठानं गेले नाहीत. वल्हं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पडलं, आणि डोंगा सुटला. मला वाटलं होतं नाव म्हणजे डुलत, रखडत चालणारी वस्तू. हा तर पाण्याला चिरत गेला, आवाज न करता. ह्यांची पाठ मला दिसत होती. रुंद, ताठ, एका लयीत हलणारी. ती पाठ मी रोज पुसते, तेल लावते, आणि तरी मी ती ओळखली नाही. तिथं कुणी पांगळा माणूस नव्हता. एक माणूस नाव घेऊन चालला होता, इतकंच. मला माझ्या नवऱ्याचा त्या क्षणी आदर वाटला, भीतीही वाटली, आणि थोडा हेवासुद्धा वाटला, कारण मी चिखलात उभी होते आणि त्यांना पाहून पाणबगळे उठून जात होते.

पलीकडे बाभळी अर्ध्या पाण्यात उभ्या आहेत. डोंगा त्यांच्या आडोशाला गेला आणि दिसेनासा झाला. मी वाट पाहिली. मग तिकडून ओरडण्याचा आवाज आला. एक आवाज ह्यांचा नव्हता. पाण्यावरून आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. मग दुसरा आवाज आला, तो ह्यांचा.  मी हाका मारल्या, कुणाला ऐकू गेल्या नाहीत. भाऊ गावात, काठावर कुणी नाही, मला पोहता येत नाही. डोंगा फाटला असणार. पन्हाळी निसटली असणार. मीच कापड कमी घेतलं, मीच थर कमी करा म्हटलं. हे सगळं मी उभ्या उभ्या ठरवून टाकलं, आणि साडीचा काष्टा मारून गुडघाभर पाण्यात शिरले.

तेवढ्यात डोंगा बाभळींमागून बाहेर आला. सरळ माझ्याकडे, जोरात. जवळ येईपर्यंत मी ह्यांचं तोंड पाहत होते. ते लाल झालं होतं, कपाळाची शीर फुगली होती. स्टँडवरून घरी यायचे तेव्हा असं असायचं.

"काय झालं? कोन ओरडून राह्यलं होतं?"

"भोई होता एक, ट्यूबवर बसून. मासे धराले जायं लावून राह्यला होता. माह्यं वल्हं त्याच्या जायात अडकलं."

"मंग?"

"मंग काय, शिव्या देल्ल्या त्यानं मले." वल्हं आडवं धरून ते धापा टाकत होते. "लय देल्ल्या. म्हने, डोये फुटले का तुह्ये? तुह्या बापाचं तयं हाय का? मायवरूनबी देल्ली. अन वरून म्हने, बसून काय राह्यला भैताडा, उतर खाली अन सोडव."

 उतर खाली, असं ह्यांना म्हणणारा माणूस ह्या जिल्ह्यात उरला असेल, असं मला वाटलं नव्हतं.

"तुमी सांगतलं नाई त्याले?"

"काय सांगाचं? डोंग्यात बसल्यावर मानसाचे पाय कोनाले दिसते?"

"मंग कसं केलं?"

"बसल्या बसल्याच सोडवलं. सोडवता सोडवता मीबी देल्ल्या त्याले चार. थो म्हने, उद्या इकडं दिसला तर डोंगा फोडतो तुह्या."

आणि ते हसले. छातीतून, मान मागे टाकून, दात दिसेपर्यंत. डोंगा त्या हसण्यानं पाण्यावर हलायला लागला. मी दोन्ही हातांनी त्याची कड धरली, ओल्या साडीनं तशीच पाण्यात उभी राहिले.

"पयल्यापासून सांगा," मी म्हटलं. "एकबी शिवी सोडू नका."